बदक, राजहंस आणि ‘खोटारडा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘लेख वाचनीय, पण एकतर्फी,’ असं म्हणून तुम्ही मला चांगलंच धारेवर धरलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ज्या इंग्लिश कोर्ट ऑफ शिव्हलरीला, म्हणजे कुलीन लोकांच्या मानापमानाचे आणि कुलचिन्हांचे तंटे ऐकणाऱ्या कोर्टाला, मी ‘द्वंद्वयुद्धावरचा उतारा’ म्हटलं, त्याच कोर्टाने १६३१ मध्ये लॉर्ड रे आणि डेव्हिड रॅमसे यांना एकमेकांवर शस्त्र उचलायची परवानगी दिली. शिवाय राजहंसाला बदक म्हटलं म्हणून एका नागरिकाला धुळीला मिळवणाऱ्या या कोर्टाची मी भलामण करतोय. आणि १६४० मध्ये पार्लमेंटने ते कायमचं गाडलं, हेही मी सांगितलेलं नाही.

रे-रॅमसेचा मुद्दा निम्मा मान्य. पण तो मानापमानाचा खटला नव्हता, राजद्रोहाचा होता. मार्क्विस ऑफ हॅमिल्टन हा सरदार स्वीडनच्या राजाच्या मदतीला म्हणून फौज जमवतोय, पण त्याचा खरा डोळा स्कॉटलंडच्या गादीवर आहे, असं रॅमसे आपल्याशी बोलला, हा रेचा आरोप. रॅमसेने तो साफ नाकारला. पुराव्याने निकाल लागेना, तेव्हा लढाईने लावायचं ठरलं. १२ एप्रिल १६३२ ही तारीख पडली, ती पुढे मे महिन्यात ढकलली, आणि शेवटी राजा पहिल्या चार्ल्सने सगळंच रद्द करून दोघांची रवानगी टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत केली. तरीही ‘उतारा’ हा शब्द मी सैल हाताने वापरला, हे खरं.

१६३४ पासून अर्ल ऑफ अरुंडेलच्या अमलाखाली हे कोर्ट नियमित बसू लागलं, तेव्हाचे खटले बघा. सहा-सात वर्षांत सातशेहून जास्त, आणि बरेचसे निव्वळ शब्दांवरून. कारण साधं आहे. कॉमन लॉच्या, म्हणजे नेहमीच्या, कोर्टात तुम्हाला कुणी चोर म्हटलं किंवा धंद्यात लबाडी करतोस म्हटलं, तर दावा लावता यायचा. व्यभिचाराचा आळ घेतला, तर चर्चचं कोर्ट होतं. पण भरल्या खानावळीत कुणी ‘तू खोटारडा आहेस’ किंवा ‘तू कसला जंटलमन (म्हणजे कुलीन)!’ म्हणालं, तर कायद्याच्या लेखी काहीच घडलेलं नसायचं. आणि नेमक्या याच शब्दांवर तलवारी निघायच्या. ‘खोटारडा’ हा शब्द गिळला, तर माणूस चारचौघांतून उठलाच.

म्हणून हे कोर्ट. कामकाज बहुतेक कागदावर, ज्यूरी नाही. साक्षी घ्यायला कमिशनर गावोगावी जायचे आणि बहुधा तिथल्याच एखाद्या खानावळीत बसायचे. जिथे शिव्या दिल्या गेल्या, तशाच टेबलांवर त्या शब्दशः लिहून घेतल्या जात. हे चित्र मला अजून सोडत नाही. आरोपी हरला, तर नुकसानभरपाई, खर्च आणि उघड्या डोक्याने लेखी माफीचं जाहीर वाचन. गंमत म्हणजे फिर्यादीलाही आधी स्वतःचं कूळ सिद्ध करावं लागे. हेराल्ड, म्हणजे कुलचिन्हं आणि वंशावळी सांभाळणारे अधिकारी, वंशावळ तपासत. शिवी खाल्ली ती खाल्ली, वर आपण जंटलमन नाहीच, असं कोर्टातच उघडं पडायची भीती!

आता तुमचं बदक. गोष्ट अशी. नावाडी भाडं जास्त मागत होता, अंगावरचा आपल्या धन्याचा बिल्ला दाखवून रुबाब करत होता. नागरिक वैतागून म्हणाला, चालता हो तुझं बदक घेऊन. बिल्ल्यावरचं ते ‘बदक’ म्हणजे त्या धन्याच्या, एका अर्लच्या (सरदाराच्या), कुलचिन्हावरचा राजहंस निघाला. ही गोष्ट आपल्याला कळते ती एडवर्ड हाइडकडून, आणि हाइड तर पार्लमेंटमध्ये हे कोर्ट बंद पाडायला उभा राहिलेला! विरोधी वकिलाच्या तोंडची गोष्ट मी त्याच हिशोबाने ऐकतो.

पण हाइडची दुसरी गोष्ट जास्त बोचते, आणि तिथे तुमचा राग रास्त आहे. एका शिंप्याने थकलेले पैसे मागितले, गिऱ्हाइकाने हाकललं, तेव्हा तो म्हणाला, मीही तुमच्याइतकाच चांगला माणूस आहे. प्रकरण कोर्टात गेलं आणि शिंप्याला उधारीवर पाणी सोडावं लागलं. तपशील हाइडने तिखटमीठ लावून सांगितले असतीलही. पण त्या शिंप्याला उलटी फिर्याद करायची सोयच नव्हती, हे तिखटमीठ नव्हे. अब्रू असायची ती कूळवाल्यांना. माझ्या लेखात हे ठळकपणे यायला हवं होतं.

राहिलं ‘कायमचं गाडलं’. तिथे तुम्ही घाई केलीत. १६४० च्या डिसेंबरात ते बंद पडलं, पण १६६० नंतर पुन्हा सुरू झालं आणि १७३७ पर्यंत रखडत चाललं. आणि मग एकदम १९५४ च्या डिसेंबरात, दोनशेहून अधिक वर्षांनी, पुन्हा बसलं. मँचेस्टर महापालिकेची तक्रार होती की शहराचं चिन्ह एका नाट्यगृहाने विनापरवाना रंगमंचाच्या पडद्याच्या वर लावलंय. न्यायाधीश लॉर्ड गॉडर्डना आधी हे कोर्ट अजून अस्तित्वात आहे का, तेच ठरवावं लागलं. आहे, असं ठरलं, आणि महापालिका जिंकली.