फेअरट्रेड केळ्यांबद्दल माझं मत (पोस्ट जरा लांबलीय)

फेअरट्रेडचा स्टिकर (शेतकऱ्याला रास्त भाव दिल्याची मालावरची खूण) म्हणजे पैसेवाल्या गिऱ्हाईकाला बरं वाटावं म्हणून केलेलं मार्केटिंग, असं बोलणारे बरेच आहेत. मला ते अर्धंच पटतं. स्टिकर बाजूला ठेवा आणि एक-दोन एकरवाल्या केळी उत्पादकाच्या बाजूने बघा. केळं हा थांबणारा माल नाहीच. घड हिरवा असतानाच कापायचा, फण्या धुवून बॉक्स भरायचे, जहाजात १३-१४ डिग्री ठेवायचं, आणि पोचल्यावर रायपनिंग चेंबरमध्ये पिकवायचं. धान्याचा भाव पडला तर पोती घरात ठेवता येतात, इथे कटाई लांबली की तो घड एक्सपोर्टच्या कामाचाच राहत नाही. मग व्यापारी बोलेल तो भाव. त्याला शेतकऱ्याची अडचण पक्की माहीत असते.

फेअरट्रेड नेमका इथेच हात घालतं. किमान भाव आधीच ठरलेला, देशानुसार वेगवेगळा, बाजार कितीही खाली गेला तरी त्याखाली खरेदी नाही, आणि बाजार वर गेला तर बाजारभाव. शिवाय १८.१४ किलोच्या बॉक्समागे १ डॉलर प्रीमियम, जो शेतकऱ्यांच्या संस्थेकडे जातो आणि कशावर खर्चायचा ते सभासद सभेत मत देऊन ठरवतात. पॅकिंग शेड की रस्ता की दवाखाना, यावरून भांडणं होतातच, आणि होऊ देत की! बाकी कुठल्या धंद्यात छोट्या शेतकऱ्याला असं भांडायला मिळतं?

फेअरट्रेड केळी पहिल्यांदा विकली गेली १९९६ ला, घानातून नेदरलँड्सला. पण मला जास्त महत्त्वाचं उदाहरण वाटतं ते कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट या बेटांचं. डोंगरउतारावरची छोटी शेतं, सगळी भिस्त युरोपने आयातीत दिलेल्या सवलतीवर. अमेरिका आणि लॅटिन अमेरिकेतले काही देश त्याविरुद्ध डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) गेले, १९९७ ला निकाल युरोपच्या विरोधात लागला, आणि मोठमोठ्या मळ्यांच्या स्वस्त केळ्यांपुढे हजारो शेतकऱ्यांनी केळी सोडली. जे टिकले त्यातल्या बऱ्याच जणांना ब्रिटनच्या फेअरट्रेड मार्केटने धरून ठेवलं. वर २०१० ला टॉमस चक्रीवादळाने बागा आडव्या केल्या, ते वेगळंच. वादळापुढे कुठलं सर्टिफिकेट चालत नाही.

आता माझी तक्रार. संस्था सर्टिफाइड झाली म्हणजे सगळा माल फेअरट्रेडने जातो असं नाही, खरेदीदार घेईल तेवढाच जातो आणि उरलेला साध्या भावात. ऑडिट, रेकॉर्ड, फवारणीचे नियम मात्र सगळ्या बागेला. त्यात सुपरमार्केटवाले गिऱ्हाईक खेचायला केळ्याचाच भाव पाडतात, आणि त्यांच्या त्या भांडणाचं बिल फिरत फिरत बागेपर्यंत येतं.

आणि आता टीआर४, म्हणजे केळीचा नवा रोग. एक्सपोर्टचं केळं जवळपास सगळं कॅव्हेंडिश या एकाच जातीचं, बियांपासून नाही तर मुनव्यांपासून (बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांपासून) किंवा टिश्यू कल्चरने केलेलं, म्हणजे एकाला जे झालं ते सगळ्यांना होणार. आधीची ग्रो मिशेल जात पनामा रोगाने अशीच एक्सपोर्टमधून गेली. टीआर४ ही त्याच रोगाच्या बुरशीची नवी जात, २०१९ ला कोलंबियात सापडली, २०२१ ला पेरूत. बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते, औषध नाही, फक्त येऊ न देणं हाच उपाय. म्हणजे कुंपण, बूट धुवायची सोय, अवजारं निर्जंतुक करणं, बाहेरचा माणूस आत न सोडणं. मोठी कंपनी हे करून टाकते. छोटी शेतं एकमेकांना चिकटून, बांधावरून सगळ्यांची ये-जा, तिथे हा खर्च कोण करणार? तोच १ डॉलर, ज्यातून दवाखाना पण हवा होता.

म्हणून स्टिकर खरा की खोटा यावर वाद घालण्यात मला फार रस नाही. विचारायचंच असेल तर सुपरमार्केटला विचारा, वर्षाला किती बॉक्स घ्यायचं लिहून दिलंय, किती वर्षांसाठी, आणि त्या कुंपणाच्या खर्चात तुमचा वाटा किती.