तळ हाताचा, पट्टा मशीनचा

2025च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने हुबेहूब कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तीही कोल्हापूरचं नाव न घेता, आणि आमच्याकडे एकच गदारोळ उठला. पुढे कंपनीने मूळ मान्य केलं. डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला आणि 2,000 जोड तिकडच्याच कारागिरांकडून करून घेऊन प्रत्येकी सुमारे 800 युरोला विकायचं ठरलं. प्राडावरचा राग ओसरला. मागे उरला तो आपल्या आपल्यातला वाद, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

एक बाजू म्हणते, मशीनवर शिवलेली ती कोल्हापुरी नव्हेच. 2019ला मिळालेलं भौगोलिक मानांकन तिला लावू देऊ नका. दुसरी म्हणते, हातशिलाईचा हट्ट धरलात तर शिवायला माणूसच उरणार नाही. आमच्या घरात दोन्ही बाजू आहेत. काका कोल्हापुरात सुभाषनगरला चपला करतात. त्यांचा मुलगा शिलाईचं मशीन घ्यायचं म्हणतोय. आणि मी इंग्लंडात वॉल्सॉलला खोगीर-लगामाच्या कारखान्यात चामडं शिवतो. फोनवर दोघेही मला विचारतात, तिकडे काय करतात म्हणून.

वॉल्सॉल हे खोगिरांचंच गाव. इथल्या फुटबॉल क्लबचं टोपणनावसुद्धा ‘सॅडलर्स’, म्हणजे खोगीर करणारे. चामड्याचं स्वतंत्र संग्रहालय आहे. राणी एलिझाबेथ वापरायच्या त्या लॉनर कंपनीच्या हँडबॅगा याच गावात तयार होत. एकोणिसाव्या शतकात मशीन आलं तेव्हा इथेही हाच वाद झाला असणार. आज कारखान्यात फिरलात तर दिसेल की तो वाद कुणी जिंकलेला नाही. एकाच खोगिरात दोन्ही शिलाया असतात, आणि कुठली कुठे हे लहर म्हणून ठरत नाही.

कारण टाक्यातच आहे. हातशिलाईत एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया. दोरा लिननचा, मेण लावलेला. चामडं गुडघ्यांत धरलेल्या लाकडी चिमट्यात पकडायचं, आरीने तिरकं भोक पाडायचं, आणि त्याच भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून काढायच्या. प्रत्येक भोकात दोराची दोन अंगं. एक झिजून तुटलं तरी दुसरं धरून ठेवतं. मशीनमध्ये दोरे दोन, एक वरून आणि एक बॉबिनमधून. ते एकमेकांत अडकतात चामड्याच्या जाडीच्या मध्यावर. खालचा दोरा घासून तुटला की वरच्याला धरायला काही उरत नाही आणि ताण आला की टाक्यामागून टाका सुटत जातो. शिवाय मशीनची सुई चामडं कापत जाते. टाके फार जवळ घेतले तर शिवणीची रेघ पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखी होते आणि चामडंच तिथून फाटतं.

म्हणून लगामाचे सांधे, रिकिबीच्या पट्ट्याची बकल बसते ती जागा, असं जिथे तुटलं तर माणूस धावत्या घोड्यावरून खाली येईल, तिथे अजून आरी आणि दोन सुया. बाजूच्या झडपा, सजावटीच्या रेघा, अस्तर यांना मशीन. मशीनचा टाका तिथे सुबक येतो, सरळ येतो, आणि त्यावर कुणाचा जीव टांगलेला नसतो.

हाच प्रश्न कोल्हापुरीला विचारून पाहा. तिच्या तळाचे थर दोऱ्याने नाही, चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. खिळा नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं भिजलं की फुगतं, वाळलं की आवळतं. वादीही त्याच्याबरोबर फुगते, आवळते. तळ जमिनीवर घासतो तिथे वादी जाड असल्यामुळे टिकते, आणि झिजलीच तर तेवढीच काढून नवी ओवता येते. तिथे मशीन घातलं की नायलॉनचा दोरा रस्त्यावर घासत राहतो. एक टाका गेला की ओळ उसवते. मग उसवू नये म्हणून आधीच सोल्युशन फासायचं, आणि सोल्युशनने चिकटवलेली चप्पल एकदा उकलली की दुरुस्तीला कोणी हात लावत नाही. पट्ट्याचं तसं नाही. पट्ट्याच्या कडेची शिवण पायाचं वजन पेलत नाही. ती मशीनवर घेतली तर चपलेचं काहीच बिघडत नाही. पट्ट्यावरची चामड्याची वेणी मात्र हातानेच विणली जाणार, तिला पर्याय मी तरी पाहिलेला नाही.

तेव्हा मशीन लावल्याने कोल्हापुरी बाटते हे मला पटत नाही. इथल्या नॉर्थॅम्प्टन गावचे बूट बघा. एकोणिसाव्या शतकापासून त्यांचा तळ गुडइयरच्या पद्धतीने मशीनवर शिवतात आणि आजही लोक ते वर्षानुवर्षं वापरतात, कारण वरच्या भागाला जोडलेल्या चामड्याच्या पट्टीवर तळ शिवलेला असतो. तो झिजला की काढून नवा बसवता येतो. मशीन आलं, पण दुरुस्तीची वाट उघडी ठेवून आलं. आपल्याकडे स्वस्त कोल्हापुरीत जे मशीन शिरलं ते ही वाट बंद करत शिरलं. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मोठी आहे.

पण हातशिलाईचा आग्रह धरणाऱ्यांना मला जास्त बोलायचं आहे, कारण मजुरीचा विषय निघाला की ती मंडळी गप्प होतात. इंचाला आठ टाके धरले तर मीटरभर शिवणीला तीनशेच्या वर टाके होतात, आणि प्रत्येक टाक्याला दोन सुया. सराईत हातालाही त्याला तास जातो. इंग्लंडात किमान मजुरी कायद्याने ठरते; 2025च्या एप्रिलमध्ये एकवीस वर्षांच्या आणि त्यावरच्या कामगारांसाठी ती तासाला 12.21 पौंड झाली होती. म्हणजे इथे हाताचा टाका महाग असतो तो कारागिराला कायद्याने पैसे मिळतात म्हणून, आणि गिऱ्हाईक ते मुकाट मोजतं. आपल्याकडे पैसे जोडामागे. घरातल्या बायका दिवसभर बसून वेण्या विणतात, त्या बहुधा हिशेबातच धरल्या जात नाहीत. अशा हिशेबावर उभी असलेली हातशिलाई टिकवा म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या पाठीवर आपली परंपरा लादणं.

आणि हे ओझं कुणाच्या पाठीवर आहे तेही स्पष्ट बोलायला हवं. इथे खोगीर शिवणाऱ्याला प्रमाणपत्रं आहेत, 1966पासून मास्टर सॅडलर्सची संस्था आहे, आणि पार्टीत कुणी विचारलं तर तो आपला धंदा अभिमानाने सांगतो. माझ्याबरोबर काम करणारी मुलगी शिक्षकांच्या घरातली आहे. तिने हा धंदा निवडला. आपल्याकडे चांभार आणि ढोर समाजाला तो निवडावा लागला नाही, तो अंगावर होता, आणि कातडं कमावणाऱ्याच्या हाताचं पाणीही चालत नव्हतं. त्या हातांनी केलेल्या वस्तूला आता वारसा म्हणायचं आणि त्यांच्या मुलांनी इंजिनिअरिंगला जाऊ नये अशी मनात इच्छा धरायची, हे मला मान्य नाही. काका मला म्हणाले, “डोळं गेलं माझं त्या आरीवर. पोराला न्हाई बसवायचं.” त्यांना हातशिलाईचं सौंदर्य समजावून सांगायला मी जाणार नाही. ते त्यांना माझ्याहून जास्त कळतं.

धंदा टिकायचा असेल तर बाहेरच्या जातींतली पोरंही या कामाला यायला हवीत, आणि ती येतील फक्त पैसा आणि मान असेल तर. शाळांमध्ये, आयटीआयमध्ये चर्मकाम हा सुतारकामासारखा विषय व्हावा. सवर्ण घरातला मुलगा आरी हातात धरून वादी ओवायला शिकतोय, हे कोल्हापुरात नेहमीचं दृश्य झालं तर मानांकनाने जे होणार नाही ते होईल.

आता खऱ्या कोल्हापुरीला क्यूआर कोड लावायला सुरुवात झाली आहे. कोड स्कॅन केला की जोड कुणी केला, कुठल्या जिल्ह्यात केला हे कळावं असा त्यामागचा हेतू आहे. चांगलं आहे, पण अपुरं. त्यात तळ वादीने शिवलाय की मशीनवर हे लिहा. पट्टा कशावर शिवला तेही लिहा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आणि विकत घेणाऱ्याने दिलेल्या पैशांतले किती रुपये शिवणाऱ्याला आणि वेणी विणणारीला गेले, तो आकडाही लिहा. 800 युरोच्या जोडावर तर तो सगळ्यात आधी हवा.

चुलतभावाला मी मशीन घे म्हणून सांगितलं आहे. पट्ट्यांसाठी घे, तळाला लावू नकोस, आणि तळाची मजुरी वेगळी लावून पावतीवर वेगळ्या ओळीत लिही. गिऱ्हाइकाने विचारलं तर जोड उलटा करून वादी दाखव. पावती कशी छापायची याचा नमुना त्याने मागितला आहे, तो या आठवड्यात पाठवतोय.