लायब्ररी घेतली म्हणून क्लायंट लिहून होत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

पायथनमधील स्लिक्सएमपीपी ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडाचा संच, वापरून छोटा चॅट क्लायंट (वापरकर्त्याच्या बाजूचा निरोपांचा प्रोग्रॅम) कसा लिहावा, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आक्षेप नोंदवले आहेत. ते थोडक्यात असे : वीसएक ओळींत निरोप जातो-येतो हे दाखवल्याने शिकणाऱ्याला आपण क्लायंट लिहिला असे खोटे समाधान मिळते; एक्सएमपीपी हा निरोपांच्या देवाणघेवाणीचा प्रोटोकॉल, म्हणजे नियमसंच, समजून घ्यायचा असेल तर सॉकेट (सर्व्हरशी थेट जोडणी) उघडून एक्सएमएल (टॅगांत लिहिलेला मजकूर) हातानेच पाठवले पाहिजे; आणि लायब्ररीची देखभाल उद्या थांबली तर तिच्यावर उभे केलेले सारे वाया जाते. यांतला पहिला आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो, परंतु खरा मतभेद दुसऱ्याबाबत आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

५२२२ या पोर्टवर सॉकेट उघडून स्ट्रीमचा, म्हणजे एक्सएमएलच्या अखंड प्रवाहाचा, पहिला टॅग पाठवणे सोपे आहे आणि ते प्रत्येकाने एकदा करून पाहावे. पुढे टीएलएस (जोडणीचे कूटबंधन) सुरू करायचे, स्ट्रीम नव्याने उघडायचा, पासवर्डची पडताळणी पार पाडायची, पुन्हा स्ट्रीम उघडायचा आणि मग आपल्या जोडणीसाठी रिसोर्स (एकाच खात्याच्या अनेक जोडण्यांत या जोडणीचे नाव) ठरवून घ्यायचा, हा क्रम आरएफसी ६१२० या मानक दस्तऐवजामध्ये दिलेला आहे. तो चुकला तर सर्व्हर दाद देत नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते. मला काळजी वाटते ती न कळणाऱ्या चुकांची. डीएनएस या इंटरनेटच्या नावनोंदवहीतील एसआरव्ही नोंद (डोमेनची सेवा कोणत्या यंत्रावर आहे हे सांगणारी) आपल्याला वेगळ्याच नावाच्या यंत्राकडे पाठवू शकते, पण सर्व्हरचे प्रमाणपत्र जुळवायचे ते वापरकर्त्याच्या पत्त्यातील डोमेनशी, त्या यंत्राच्या नावाशी नव्हे. कोणी ती नोंद मध्येच बदलली असेल, तर यंत्राच्या नावाशी केलेली तपासणी निमूटपणे यशस्वी होते आणि पाहुणा सर्व्हर घरचा ठरतो. पासवर्ड पडताळणीच्या स्क्रॅम पद्धतीत सर्व्हर शेवटी स्वतःची सही पाठवतो आणि ती क्लायंटने तपासायची असते. ती तपासणी गाळली तरी लॉगिन बिनबोभाट होते. हाताने लिहिलेला कोड चालला म्हणून तो बरोबर आहे, असे मानणाऱ्या नवशिक्याचे समाधान आपण म्हणता त्या समाधानाहून जास्त घातक आहे, असे माझे ठाम मत आहे.

लायब्ऱ्याही चुकतात, हे आपण बजावले आहे आणि ते खरेच आहे. २०१७ साली उघड झालेला मेसेज कार्बन्सचा दोष हे त्याचे ठळक उदाहरण. आपल्याच दुसऱ्या उपकरणावरच्या संभाषणाची प्रत सर्व्हर या उपकरणाकडे पाठवतो, तेव्हा ती प्रत आपल्याच खात्याकडून आली आहे ना, हे क्लायंटने पाहणे आवश्यक असते. अनेक क्लायंटांनी ते पाहिले नव्हते, त्यामुळे कोणीही परका मनुष्य दुसऱ्याच्या नावाने निरोप दाखवू शकत होता. त्या यादीत स्लिक्सएमपीपीही होती. मात्र ज्यांनी हा भाग आपापला लिहिला होता असे क्लायंटही त्याच यादीत होते. फरक पडतो तो दुरुस्तीच्या वेळी : लायब्ररीत ती एकदा होते आणि नवी आवृत्ती घेणाऱ्या सर्वांना मिळते, तर स्वतंत्र कोडात प्रत्येकाला ती स्वतः करावी लागते आणि त्याआधी तिची वार्ता त्याच्यापर्यंत पोहोचावी लागते.

आता पहिला आक्षेप. लायब्ररीच्या जोरावर निरोप पाठवता आला म्हणजे क्लायंट झाला, असे मी म्हणत नाही; माझ्या मते क्लायंटचे काम तिथून सुरू होते. निरोप पाठवणारे फंक्शन बिनतक्रार परत आले, याचा अर्थ निरोप फार तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या बफरपर्यंत गेला, एवढाच. फोन वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेला की जुनी टीसीपी जोडणी मेलेली असूनही कित्येक मिनिटे जिवंत भासते आणि त्या काळात पाठवलेले सारे हवेत विरते. यावर एक्सईपी-०१९८ हा प्रोटोकॉलचा विस्तार आहे : दोन्ही बाजू आलेल्या स्टँझा (निरोपासारखे एक्सएमएलचे स्वतंत्र तुकडे) मोजतात, एकमेकींना पोच देतात आणि जोडणी तुटली तर मोजणी जुळवून उरलेले पुन्हा पाठवतात. मोजणीचे काम लायब्ररीकडे सोपवता येते. पण सर्व्हरने जुने सत्र पुन्हा चालू करायला नकार दिला, तर पोच न मिळालेल्या निरोपांचे काय करायचे? पुन्हा पाठवले तर समोरच्याला तोच निरोप दोनदा दिसण्याचा धोका, न पाठवले तर तो हरवण्याचा. सर्व्हरवरील संग्रह आधी तपासून, निरोपाच्या ओळखक्रमांकावरून ठरवणे हा मला योग्य वाटणारा मार्ग आहे, पण हा निर्णय क्लायंट लिहिणाऱ्याचा आहे, कोणतीही लायब्ररी तो त्याच्या वतीने घेत नाही. शिवाय सर्व्हरची पोच वेगळी, समोरच्या क्लायंटकडून येणारी एक्सईपी-०१८४ ची पावती वेगळी आणि समोरच्या माणसाने निरोप वाचला ही गोष्ट त्याहून वेगळी. या तिन्हींसाठी पडद्यावर एकच खूण दाखवणारा क्लायंट वापरणाऱ्याला चुकीची माहिती देतो. नवशिक्याचे डोके आणि वेळ खर्च व्हायला हवा तो इथे.

देखभालीबाबतची आपली भीती रास्त आहे. स्लिक्सएमपीपीचा जन्मच स्लीकएक्सएमपीपी या जुन्या लायब्ररीपासून फुटून झाला, आणि ती जुनी लायब्ररी आता मागे पडली आहे. प्रोटोकॉल मात्र टिकला : जॅबर या मूळ नावाने तो १९९९ मध्ये आला, त्याचे आरएफसी २००४ मध्ये निघाले आणि २०११ मध्ये सुधारले गेले. म्हणून लायब्ररीचे क्लास संपूर्ण प्रोग्रॅममध्ये पसरू देऊ नयेत. निरोप, संपर्क आणि जोडणीची स्थिती यांचे आपले स्वतःचे प्रकार करावेत आणि लायब्ररीशी बोलणारा भाग एकाच फाइलीत ठेवावा.

हाताने नेमके काय लिहावे, असे आपण शेवटी विचारले आहे. माझे उत्तर असे की स्वतःच्या संगणकावर प्रॉसडी हा सर्व्हर चालवावा, स्लिक्सएमपीपीचा डीबग लॉग चालू करावा आणि जाणारी-येणारी प्रत्येक स्टँझा आरएफसी शेजारी ठेवून वाचावी. मग प्रेझेन्स (आपण उपलब्ध असल्याची सूचना) पाठवणारी ओळ काढून टाकावी. लॉगिन होते, संपर्कयादी येते, तरी नेहमीचे निरोप येत नाहीत, कारण नुसत्या खात्याच्या पत्त्यावर आलेले संभाषण सर्व्हर उपलब्ध असल्याचे न सांगणाऱ्या रिसोर्सकडे पाठवत नाही. त्यानंतर तुकड्यातुकड्यांनी येणारा एक्सएमएल वाचणारा छोटा पार्सर स्वतः लिहावा, कारण संपूर्ण सत्र हा एकच न संपणारा दस्तऐवज असतो आणि ही गोष्ट वाचून जितकी कळते त्याहून पार्सर लिहिताना जास्त कळते. टीएलएस आणि पासवर्डच्या पडताळणीला मात्र सरावाच्या कोडापलीकडे हात लावू नये.