‘खोटा मेसेज ओळखण्याचे पाच अचूक नियम’: हाच मेसेज आधी तपासा

परवा रात्री काकांनी घरच्या ग्रुपवर ‘खोटा मेसेज ओळखण्याचे पाच अचूक नियम’ टाकले आणि खाली लिहिलं, ‘आता तरी शिका.’ टोमणा मला होता. त्यांच्या फॉरवर्डांवर शंका काढणारा घरात मी एकटाच. काका म्हणजे जन्मभर गणित शिकवलेला माणूस, ‘नियम’ म्हटलं की मान डोलावतो. तोच मेसेज सकाळपर्यंत आणखी दोघांकडून आला, तेव्हा मात्र राहवलं नाही.

पहिला नियम: भाषा शुद्ध असेल तर मेसेज खरा. यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. अशुद्धलेखन, उद्गारचिन्हांची रांग, ‘डिलीट होण्याआधी वाचा’ अशी घाई दिसली की सावध व्हावंच. पण विधान खरं म्हणून त्याचा व्यत्यासही (उलटं विधानही) खरा असतो असं नाही, हे काकांनीच वर्गात शिकवलंय. शुद्ध मराठी आता मशीनही लिहून देतं.

दुसरा: साइटच्या पत्त्यापाशी कुलूप, वर लोगो आणि शेवटी डॉट ऑर्ग असेल तर बिनधास्त विश्वास ठेवा. कुलूप एवढंच सांगतं की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यातला रस्ता बंदिस्त आहे. पलीकडे भामटा बसलाय की सज्जन, याच्याशी त्याचा संबंध नाही. डॉट ऑर्ग तर पैसे भरून कुणीही घेतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासातले १० पीएचडीधारक, १० व्यावसायिक फॅक्ट-चेकर (माहितीची सत्यता तपासणारे) आणि २५ विद्यार्थी यांना साइट तपासायला बसवलं होतं. त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संघटनांच्या साइट होत्या. एक १९३० पासूनची, साठ हजारांहून अधिक सदस्यांची. दुसरी तिच्यातून २००२ मध्ये फुटून निघालेली, जेमतेम काही शे जणांची. नावं मात्र सहज गल्लत व्हावी अशी. निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना दुसरीच जास्त भरवशाची वाटली, आणि इतिहासकारांतलेही बरेच जण गोंधळले. ही मंडळी पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत होती. फॅक्ट-चेकर मात्र ओझरती नजर टाकून पानाबाहेर पडले, शेजारी नवे टॅब उघडले आणि या संघटनेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं. काकांचे बहुतेक नियम इथेच फसतात. ते मेसेजकडेच टक लावून बघायला शिकवतात.

चौथा नियम वाचून मी फोन खाली ठेवला. म्हणे, वर दोन बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड’ असं दिसलं तर समजावं, हजारोंनी तपासलेला मेसेज आहे! अहो, ती सावधगिरीची खूण आहे. मूळ माणसापासून निघून पाच किंवा अधिक हातांतून मेसेज गेला की व्हॉट्सअॅप ते दोन बाण लावतं. असे मेसेज अफवा पसरवतात म्हणून एप्रिल २०२० पासून ते एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतात. धोक्याच्या पाटीलाच प्रशस्तिपत्र म्हणायचं, हे धाडस कुणाचं कोण जाणे.

राहिले तिसरा आणि पाचवा, आणि हे दोन एकत्र वाचले की हसू येत नाही. ‘व्हिडिओ असेल तर शंका घेऊ नये.’ ‘खात्री नसली तरी पुढे पाठवा, खोटं निघालं तर काय बिघडतं?’

२०१८ साली मुलं पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा देशभर फिरली. तिच्यासोबत एक व्हिडिओ होता: मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावरचं पोर उचलून नेतात. तो कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या जनजागृतीच्या जाहिरातीचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये ते दोघे लगेच परत येतात, पोराला सोडतात आणि फलक धरतात. ते शेवटचे काही सेकंद कुणीतरी कापले होते. टक लावून बघा, शंभर वेळा बघा, कापलेला भाग त्यात दिसणार कसा?

त्याच अफवांच्या लाटेत १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागायला आले होते ते. काय बिघडतं, ते हे.

लिहायला बसण्याआधी काकांना फोन केला. आधी ‘तू फार शहाणा’ झालं. मग विचारलं, ‘काढून टाकू का?’ म्हटलं, काढा, पण ज्यांनी वाचलाय त्यांच्या डोक्यातून तो कसा जाणार? तिथेच दोन ओळी लिहा: दोन बाण म्हणजे सावध राहा, आणि मी पाठवलेले नियम चुकीचे होते. जिथे जिथे पाठवला तिथे तिथे.

‘सगळ्यांसमोर?’ काका म्हणाले.

घरच्या ग्रुपवर काल रात्री लिहिलंय त्यांनी. जुन्या सहकाऱ्यांचा ग्रुप अजून बाकी आहे.