सॅटेलाईट इंटरनेटचं 90 टक्के अनुदान आणि ते 4,999 रुपये

गेल्या रविवारी रात्री साडेदहाला मामेभावाचा फोन आला. संगमनेरच्या पुढे त्याचं झेरॉक्सचं आणि ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. "ताई, तू त्याच लाईनीत आहेस ना, एक मेसेज टाकलाय, बघ ना जरा. मी 4,999 भरलेत, आता ते 35,400 मागतायत." मेसेज मी उघडला आणि पहिल्या ओळीतच ओळखला, कारण दिवाळीपासून तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, काकांच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर फिरतोय आणि प्रत्येक वेळी मी तो वाचून पुढे गेले. तेव्हाच लिहायला हवं होतं. आता घरातल्याच माणसाचे पैसे गेलेत म्हणून लिहितेय, राग आहे तो दिसणारच.

ज्यांच्यापर्यंत तो आला नाहीये त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात असा: केंद्र सरकारने आणि इस्रोने गावोगावी सॅटेलाईट इंटरनेटसाठी 1,000 कोटींचा फंड काढलाय, प्रत्येक तालुक्यातून एकाच अर्जदाराला सॅटेलाईट इंटरनेट सेंटर उभारायला 50 लाखांचा प्रोजेक्ट मंजूर होणार, त्यात 90 टक्के अनुदान, कंपनी नको, अनुभव नको, आधार कार्ड आणि सातबारा पुरे, कसलंही लायसन लागत नाही, 4,999 रुपये नोंदणी फी ऑनलाईन भरा आणि शेवटची तारीख आज रात्री 12. वर अशोकस्तंभ, बाजूला इस्रोचा लोगो, खाली एक लिंक.

माझी बाजू आधीच सांगते. मी भोसरीत एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही व्हीसॅटसाठी लागणारे काही पार्ट बनवतो (व्हीसॅट म्हणजे एटीएमच्या वर किंवा पेट्रोल पंपावर जी छोटी डिश दिसते ना, ती). सरकारी निधीसाठी मी स्वतः तीन अर्ज केलेत, दोन नापास झाले, एक पास झाला. त्यामुळे हे पैसे असतात, मिळतात, हे मला माहितीये आणि ते कसे मिळत नाहीत हे त्याहून जास्त माहितीये.

सुरुवात त्या 1,000 कोटींपासून, कारण लोक यालाच भुलतात. आकडा खरा आहे, हे मान्य करावंच लागतं. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अंतराळ क्षेत्रासाठी 1,000 कोटींच्या व्हेंचर कॅपिटल फंडाला मंजुरी दिली, इन-स्पेसच्या देखरेखीखाली (इन-स्पेस म्हणजे अंतराळ क्षेत्रातल्या खासगी कंपन्यांना परवानगी आणि मदत देणारी केंद्राची संस्था). पण व्हेंचर कॅपिटल म्हणजे अनुदान नव्हे हो! पैसे घालणारा तुमच्या कंपनीत हिस्सा घेतो. त्यावेळी सरकारने जे सांगितलं त्यात एका कंपनीत साधारण 10 ते 60 कोटींची गुंतवणूक आणि सगळ्या देशात मिळून सुमारे 40 स्टार्टअप असा अंदाज होता. 40, पूर्ण भारतात. आपल्या एकट्या महाराष्ट्रात साडेतीनशेच्या वर तालुके आहेत, मग "प्रत्येक तालुक्यातून एक" हे गणित कुठून आलं?

90 टक्क्यांचंही तसंच. या क्षेत्रात टक्केवारीत मदत देणारी जी मोठी योजना मला माहितीये ती म्हणजे इन-स्पेसचा 500 कोटींचा टेक्नॉलॉजी ॲडॉप्शन फंड, 2025 च्या सुरुवातीला जाहीर झालेला. त्यात स्टार्टअप आणि लघुउद्योगांना प्रोजेक्टच्या खर्चाच्या 60 टक्क्यांपर्यंत, मोठ्या कंपन्यांना 40 टक्क्यांपर्यंत, आणि एका प्रोजेक्टला जास्तीत जास्त 25 कोटी. तेही भारतात तयार झालेलं तंत्रज्ञान प्रयोगशाळेतून बाजारापर्यंत नेण्यासाठी. गच्चीवर डिश लावून गावाला वायफाय विकायला नाही. उरलेला खर्च तुमच्या खिशातून, आणि तो खिसा खरंच भरलेला आहे हे कागदावर दाखवावं लागतं.

"इस्रो थेट पैसे देणार" यावर फार वेळ घालवत नाही. इस्रो संशोधनाला पैसे देतं हे खरं, आपल्या पुणे विद्यापीठात आणि आयआयटी मुंबईत इस्रोचे स्पेस टेक्नॉलॉजी सेल आहेतच. पण ते प्राध्यापक आणि संशोधकांच्या प्रोजेक्टला. खासगी कंपन्यांशी बोलायला इन-स्पेस आहे, अहमदाबादला, आणि इंटरनेट सेवेचा विषय आला की दूरसंचार खातं. अशोकस्तंभ आणि इस्रोचा लोगो एकाच कागदावर चिकटवला की गावातल्या माणसाला तो कागद भारी वाटतो, एवढाच त्याचा उपयोग.

आता फी. सगळं बाजूला ठेवा आणि हे नीट वाचा.

स्टार्टअप इंडिया सीड फंड नावाची केंद्राची योजना 2021 ला सुरू झाली, 945 कोटींची. त्यात इनक्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना हाताशी धरून उभं करणारी संस्था) 20 लाखांपर्यंत ग्रँट आणि 50 लाखांपर्यंत कर्जाच्या किंवा कन्व्हर्टिबल डिबेंचरच्या (नंतर शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) रूपात मदत ठरवली होती. मेसेजमधला 50 लाखांचा आकडा बहुतेक इथूनच उचललाय. तर त्या योजनेची नियमावली सगळ्यांना वाचता येते आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की इनक्युबेटरने अर्जदाराकडून किंवा लाभार्थ्याकडून कुठल्याही प्रकारची फी घ्यायची नाही. कुठल्याही प्रकारची! नोंदणी नाही, प्रोसेसिंग नाही, तपासणी नाही. त्याच नियमावलीत हेही आहे की ग्रँट एकरकमी मिळत नाही, कामाचा टप्पा पूर्ण झाला की पुढचा हप्ता, आणि हा पैसा इमारती-सुविधा उभारायला वापरायचा नाही. म्हणजे "सेंटर उभारायला 50 लाख" हे जिथून आकडा चोरला तिथेच बसत नाही.

भावाला मी विचारलं, 35,400 कशाचे? त्याने पावती पाठवली. 30,000 "परतावायोग्य सुरक्षा ठेव" अधिक 18 टक्के जीएसटी 5,400. अरे, जे डिपॉझिट परत द्यायचंय त्यावर जीएसटी लागतच नाही, ती काही विकलेली सेवा नाहीये! कुठल्याही सीएला दाखवली असती तर पहिल्या मिनिटात पकडली असती, पण मेसेजमध्ये आज रात्री 12 लिहिलेलं, रविवार, सीए कुठून आणणार. शेवटची तारीख त्याचसाठी असते, कुणाला विचारायला वेळ मिळू नये म्हणून. आणि 35,400 भरले असते तर पुढे साईट इन्स्पेक्शन, मग विमा, मग फाईल सोडवायचे. मोबाईल टॉवरच्या नावाने हेच चालत आलंय. जमिनीवर टॉवर बसवून महिना अमुक भाडं, आधी सरकारी टॅक्स भरा, असं सांगून लोकांना लुटलं, आणि टॉवरसाठी जागा भाड्याने घेण्याशी आमचा काही संबंध नाही हे दूरसंचार खात्याला आणि ट्रायला (दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था) जाहीरपणे सांगावं लागलं. तोच खेळ आहे, टॉवरच्या जागी डिश आली.

ग्रुपवर एका काकांनी मला सुनावलं की टेंडर भरताना पण डिपॉझिट असतंच की. असतं. ईएमडी म्हणतात त्याला, आणि इन-स्पेसची परवानगी घ्यायची तरी अर्जाचे पैसे भरावे लागतात, हेही कबूल. पण टेंडरमध्ये तुम्ही सरकारला काहीतरी विकायला जाता, इथे तुम्ही मदत मागायला जाताय. आणि ईएमडी खात्याच्या नावाने जाते, कुणा बाईच्या किंवा बुवाच्या यूपीआयवर नाही. भावाचे 4,999 एका व्यक्तीच्या नावावर गेलेत, स्क्रीनशॉटवर नाव दिसतंय. लिंकच्या शेवटी जीओव्ही डॉट इन नाहीये, ते मधेच कुठेतरी घुसवलंय, बघताना फसावं म्हणून.

"लायसन लागत नाही" हे वाक्य मात्र फीपेक्षाही वाईट, कारण पैसे गेले तर 4,999 गेले, इथे माणूस आत जाऊ शकतो. टेलिकम्युनिकेशन्स ॲक्ट 2023 च्या कलम 42 प्रमाणे अधिकृत परवानगी नसताना दूरसंचार सेवा दिली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्टारलिंकचंच बघा. सॅटेलाईटवरून इंटरनेट देणारी, जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एकाची, इलॉन मस्कची कंपनी, पण लायसन न घेता इथे आगाऊ बुकिंग घेत होती म्हणून नोव्हेंबर 2021 मध्ये सरकारने लोकांना जाहीर सांगितलं की यांच्याकडे पैसे भरू नका, आणि कंपनीला बुकिंगचे पैसे परत करावे लागले. दूरसंचार खात्याचं लायसन त्यांना मिळालं जून 2025 मध्ये, इन-स्पेसची परवानगी जुलैमध्ये. त्यांना इतकी वर्षं लागली आणि आमच्या भावाला आधार आणि सातबाऱ्यावर मिळणार?

आणि नुसतं उपकरण जवळ असणं पण साधं नाहीये. 2008 च्या मुंबईवरच्या 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यात अतिरेक्यांकडे थुराया सॅटेलाईट फोन होता. आपल्याकडे थुराया आणि इरिडियम या कंपन्यांच्या सॅटेलाईट फोनवर बंदी आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पाहुणीकडे डोंगरात संकटात सापडल्यावर मेसेज पाठवायचं गार्मिनचं छोटं यंत्र सापडलं, तर तिच्यामागे पोलीस-कोर्ट लागलं. ती धावपटू होती, कुणी दहशतवादी नव्हती. कुणी उद्या भावाच्या दुकानात चोरून आणलेली डिश ठेवून गेलं असतं तर?

मेसेजमध्ये एक अर्धसत्य अजून आहे, तेही सांगून टाकते. त्यात लिहिलंय की महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी करार केलाय. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने त्यांच्याशी इरादापत्र केलं खरं, गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशा भागांतल्या सरकारी संस्था आणि दुर्गम वस्त्या जोडण्यासाठी. चांगली गोष्ट आहे. पण ते सरकार आणि कंपनी यांच्यातलं आहे, त्यात तालुक्याला एक एजंट नेमायचं नाव नाही. दुर्गम भागासाठी सरकारचा पैसा जातो तो असाच जातो. प्रत्येक टेलिकॉम कंपनीच्या महसुलातून 5 टक्के एका निधीत जमा होतात, पूर्वी त्याला यूएसओ फंड म्हणायचे, आता डिजिटल भारत निधी. त्याच पैशातून अंदमानची सॅटेलाईट बँडविड्थ 2 जीबीपीएसवरून 4 वर नेली, लक्षद्वीपची 318 एमबीपीएसवरून 1.71 जीबीपीएसवर. तिथल्या बेटांवर समुद्राखालची केबल पोचेपर्यंत फोन, बँक, दवाखाना सगळं याच्यावर चाललेलं. काम बीएसएनएलने केलं. कुणा सातबाराधारकाने नाही.

ज्यांना या क्षेत्रात खरंच काही करायचंय त्यांनी मात्र हे वाचून सोडून देऊ नका, म्हणून थोडं खरं सांगते. त्याच डिजिटल भारत निधीचा एक हिस्सा 2022 पासून टेलिकॉम टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंड म्हणून संशोधनाला ठेवलाय, स्टार्टअप, कॉलेजं, संशोधन संस्था अर्ज करू शकतात. त्यासाठी नोंदलेली कंपनी किंवा संस्था हवी, स्टार्टअप म्हणून जायचं तर डीपीआयआयटीची (केंद्राचं उद्योग खातं) मान्यता हवी, आणि तुमचं तंत्रज्ञान 1 ते 9 च्या पट्टीवर (1 म्हणजे नुसती कल्पना, 9 म्हणजे प्रत्यक्ष वापरात आलेलं) कुठे उभं आहे ते पुराव्यानिशी सांगता यायला हवं. आमचा पहिला अर्ज कशाने पडला माहितीये? बजेटमध्ये आम्ही शेडचं भाडं आणि बांधकाम धरलं होतं. दुसरा पडला कारण टप्पे असे लिहिले होते की पूर्ण झाला की नाही हे तपासताच येईना, "अँटेनाची कामगिरी सुधारणे" म्हणजे काय, किती, कशावर मोजणार? तिसऱ्या वेळी आम्ही प्रत्येक टप्प्यापुढे मोजायचा आकडा, चाचणी कुठे करणार ते ठिकाण आणि खर्चाची ओळ लिहिली, सात महिने गेले, कमिटीसमोर दोनदा बसले, एकदा तर एका सरांनी वीस मिनिटं फक्त पावसात सिग्नल किती पडतो एवढंच विचारलं. पहिला हप्ता आला तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले. अर्ज करण्यासाठी एक रुपया भरला नव्हता, सीएची फी आणि झेरॉक्स सोडून.

ते पेढे आठवतात म्हणून या मेसेजचा जास्त संताप येतो. एकदा फसलेल्या माणसाला उद्या खरी योजना सांगितली तर तो ऐकणार नाही, आणि फसलेला माणूस हा बहुतेक वेळा गावातला त्यातल्या त्यात धडपड करणाराच असतो.

भावाला त्याच रात्री 1930 वर फोन करायला लावला. सायबर फसवणुकीचा नंबर आहे तो, पैसे गेल्यावर जितक्या लवकर कराल तितकी ते पुढच्या खात्यात अडण्याची शक्यता जास्त. तो म्हणत होता सकाळी करतो, मी म्हटलं सकाळी नाही, आत्ता, मी लाईनवर थांबते. तक्रार नंबर मिळाला. ज्या नंबरवरून मेसेज आला तो दूरसंचार खात्याच्या संचार साथी वेबसाईटवर चक्षू नावाची तक्रारीची सोय आहे, तिथे टाकला. 4,999 परत आलेले नाहीत अजून. 35,400 साठी वहिनीची बांगडी सोमवारी सोनाराकडे जाणार होती, ती हातात आहे.

परवा काकांच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा आलाय. शेवटची तारीख: आज रात्री 12.