दोन वॅटचा ॲम्प आणि सोयाबीनचे पैसे

गेल्या गुरुवारी रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, पोराचे कान सुकून राह्यले म्हणते रे मोबाइलात. सोयाबीनचे पैसे आलेच आहेत, घेऊन टाकू का तो डबा?" डबा म्हणजे कम्प्युटरला यूएसबीने जोडायचा हेडफोन ॲम्प, आवाजाची ताकद वाढवणारा, साडेतेरा हजारांचा. भाचा गावातल्या भजनी मंडळाची खंजिरी-भजनं जुन्या डेस्कटॉपवर कापतो-जोडतो. रोज तीन तास हेडफोन कानाला, म्हणून माय घाबरली.

तो मेसेज माझ्याकडेही पाच ग्रुपांवरून येऊन गेलाय. त्याचं म्हणणं असं: कम्प्युटरच्या जॅकचा आवाज कानाच्या नसा सुकवतो. उपाय काय, तर ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झचा ॲम्प. वॅट जितके जास्त तितके कान सुरक्षित, म्हणून दोन वॅटच्या खाली घेऊच नका. सोबत सोन्याच्या मुलाम्याची केबल. आणि खाली खरेदीची लिंक! ती पाहूनच कळायला हवं होतं, पण जाऊ द्या.

नसा सुकण्याचं एका वाक्यात संपतं. कानाला जॅक कळत नाही, आवाज किती मोठा आणि किती वेळ एवढंच कळतं.

म्हणूनच वॅटचा मुद्दा सगळ्यांत घातक. भाच्याच्या हेडफोनच्या खोक्यावर लिहिलंय, ३२ ओहम, १ मिलिवॅटला १०० डेसिबल. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, मिलिवॅट म्हणजे वॅटचा हजारावा भाग, आणि डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा त्याचं माप. ताकद दहापट केली की १० डेसिबल वाढतात. म्हणजे १० मिलिवॅटला ११०, १०० ला १२०, आणि अख्ख्या एका वॅटला १३०, तोवर हेडफोन जळला नाही तर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐका. ९० वर गेलात तर चारच तास. ८० डेसिबलला या हेडफोनला किती लागतं? मिलिवॅटचा शंभरावा भाग. दोन वॅट म्हणजे त्याच्या दोन लाख पट. तुळशीला पाणी घालायला विहिरीवरची साडेसात एचपीची मोटर जोडायची आणि वर म्हणायचं, रोप सुरक्षित आहे! असल्या ॲम्पचं बटण जरासं जास्त फिरलं की झालं. क्षमता संपली की ॲम्पचा आवाज फाटतो हे खरं, पण मिलिवॅटच्या शंभराव्या भागात क्षमता संपते कुठे?

आता ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ. बिट म्हणजे आवाजाचं प्रत्येक माप किती बारीक, आणि किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला अशी किती हजार मापं. सीडीचा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज अगदी हळूपासून मोठ्यापर्यंत सुमारे ९६ डेसिबलची रेंज देतो आणि माणसाला ऐकू येणारं २० किलोहर्ट्झपर्यंतचं, म्हणजे सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंतचं, सगळं त्यात मावतं. ३८४ ने वर जे मिळतं ते वटवाघळांच्या कामाचं. माझ्या शब्दावर जाऊ नका. मेयर आणि मोरन या दोघांनी २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलात चाचणी छापली. भारी रेकॉर्डिंग वाजवायचं, मध्येच गुपचूप सीडीच्या दर्जाचं करायचं, आणि ओळखा म्हणायचं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. तेही शांत खोल्यांतून. आमच्याकडे मे महिन्यात कूलर घरघरत असतो, त्यात ३२ बिट कोण शोधतो?

केबलचं काय सांगू. यूएसबीतून आवाज नाही, आकडे जातात. सोन्याने पिन गंजत नाही, बस्स.

एक मात्र मान्य करावं लागतं, जिवावर येतं तरी. कम्प्युटरच्या जॅकमधून खरंच घाण आवाज येऊ शकतो. रविवारी गेलो, हेडफोन पुढच्या जॅकला लावला आणि माऊस हलवला, तर बारीक किंकाळी. मागच्या जॅकला कमी. हा कॅबिनेटच्या आतला विजेचा गोंधळ, आणि बाहेरचा छोटा डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप, त्याला बहुतेकदा आवरतो. पण त्याला साडेतेरा हजार लागत नाहीत. आत डॅक चिप असलेला टाइप-सी ते हेडफोन जोड हजाराच्या आसपास मिळतो. ॲपलचा विंडोजवरही चालतो. जुन्या डेस्कटॉपला टाइप-सीचं भोक नसतं, म्हणून वर एक कन्व्हर्टर. चिप नसलेले स्वस्तातले जोड कम्प्युटरला चालत नाहीत, तेवढं दुकानदाराला विचारून घ्या. असा जोड १ व्होल्ट देत असेल तर २५० ओहमच्या, मिलिवॅटला ९६ डेसिबल देणाऱ्या हेडफोनलाही ४ मिलिवॅट मिळतात, म्हणजे १०२ डेसिबल. ३०० ओहमचा हेडफोन घेऊन फार हळू रेकॉर्ड झालेलं ऐकणाऱ्याने मोठ्या ॲम्पचा विचार करावा. भाच्याने नाही.

असा जोड लावल्यावर किंकाळी गेली, पण मागे एक "हूंऽऽ" उरलाच. कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या. "मामा, ते तर नेहमीचंच हाये," भाचा म्हणाला. मेन बंद करून बोर्ड उघडला, तर तिसऱ्या, अर्थिंगच्या भोकाला वायरच नाही! घरामागे अर्थिंगचा खड्डा आहे, तोही ठणठणीत कोरडा. याला कुठलाही ॲम्प काय करणार? खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, पण वायरच नसताना त्याने काय होणार. वायरमन बुधवारी येतो म्हणाला. तोवर अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावू नको, एवढं भाच्याला बजावून आलोय.