बी राहू दे, सीचंच करा

आज सकाळी साखर तपासायला लॅबमध्ये गेले होते, उपाशीपोटी, त्यामुळे डोकं आधीच फिरलेलं. माझ्यापुढे साठीचे एक काका आणि त्यांचा मुलगा. मुलगा काउंटरवर सांगतोय, "सीच्या गोळ्या चालू करायच्यात, तेवढं सीचं करा, बी राहू दे, उगाच पैसे." सी आणि बी म्हणजे हिपॅटायटिसचे, लिव्हर सुजवणारे दोन विषाणू. आणि काउंटरवरच्या मुलीने शांतपणे चिठ्ठीतल्या एचबीएसएजीवर, म्हणजे बीच्या टेस्टवर, बॉलपेनने काट मारली. सर्रकन.

मला राहवलं नाही. म्हटलं, अहो बी नका काढू. तो असा बघायला लागला की जणू मी त्याच्या ताटातली पोळीच उचलली.

माझ्या मावशीला १९८६ साली ऑपरेशनच्या वेळी दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. तेव्हा सीला नावसुद्धा नव्हतं, तो विषाणू सापडला १९८९ला. तीसेक वर्षांनी कळलं की सी आहे. २०१७ला गोळ्या सुरू झाल्या, सोफोसबुवीर आणि डाक्लाटासवीर, बारा आठवडे. आम्ही खूश, कारण त्याआधी इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांनी लोकांचे काय हाल व्हायचे ते ऐकून होतो.

आठव्या आठवड्यात मावशीचे डोळे पिवळे. अन्नाचा वास नको, लघवी काळ्या चहासारखी. घरात एकच पालुपद, गोळ्यांची उष्णता. शेजारच्या काकू तर तिला कावीळ उतरवायला घेऊन गेल्या, हाताला चुना चोळला, पाणी पिवळं झालं, सगळे समाधानी. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते, ९०० वर गेलं तरी आमचे डॉक्टर म्हणत होते औषधाचा त्रास आहे, होतं असं.

दुसऱ्या डॉक्टरांनी फाइल चाळली आणि एवढंच विचारलं, "बीची टेस्ट कुठेय?"

नव्हतीच. कोणी केलीच नव्हती!

दोन्ही विषाणू एकाच लिव्हरमध्ये असले की बऱ्याचदा सी बीला दाबून ठेवतो. गोळ्यांनी सी गेला की बीला मोकळं रान. २०१६लाच अमेरिकेच्या औषध खात्याने या गोळ्यांवर काळ्या चौकटीत हा इशारा छापायला लावला होता, मावशीच्या कोर्सच्या आधी! दोन-तीनशे रुपयांची टेस्ट हो. आधी कळलं असतं तर पहिल्या दिवसापासून बीचं औषध सोबत दिलं असतं, निदान लक्ष तरी ठेवलं असतं.

आणि एचआयव्ही? त्याचीही तीच कथा. टेनोफोविर-लॅमिव्युडिनची जोडी एचआयव्ही आणि बी दोघांवर चालते, पण एचआयव्ही न तपासता बीसाठी नुसतं लॅमिव्युडिन दिलं की एचआयव्ही त्याला सरावतो, आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, बदलताना टेनोफोविर काढून टाकलं की बी उसळतो. म्हणजे एकाचं औषध ठरवताना दुसरा घरात आहे का हे बघायलाच लागतं, आणि आपण काय करतो तर पैसे वाचवायला त्यावरच काट मारतो.

बरं, मान्य, सगळ्यांचाच बी उसळत नाही. आणि त्या पहिल्या डॉक्टरांच्या बाहेर साठ पेशंट बसलेले असायचे, तेही मान्य. सी तर त्यांच्याच गोळ्यांनी गेला, तो आजवर परत आला नाही. पण मावशीने तीन आठवडे नुसतं ताक पिऊन काढले, ते कोणाच्या खात्यात टाकू?

२८ जुलै २०१८ पासून सरकारचा हिपॅटायटिसचा कार्यक्रम आहे, सरकारी दवाखान्यात बी आणि सी दोन्हीच्या टेस्ट नि औषधं फुकट मिळतात. हे त्या मुलाला सांगायचं राहिलंच, तेव्हा नुसती भांडत होते मी. आता वाईट वाटतंय. त्याच्या खिशात किती होते मला काय माहीत.

जाताना काकाच थांबले. म्हणाले, "ताई, तुमची मावशी आता कशी आहे?"

म्हटलं, बरी आहे, रोज रात्री नऊला बीची गोळी घेते, मोबाइलवर अलार्म लावलाय, वाजला की जपाची माळ खाली ठेवून आधी गोळी.

काका हसले. चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. काट तशीच होती, आणि बाहेर मुलाने गाडीला किक मारली होती.